दोन लिटरने भोपाळ पुढे

परवा इंदूरहून माझ्या भाचीचा फोन आला. "मावशी, इंग्लिश शिकवायला व्हिएतनामला जाऊ की थायलंडला? पैसे कुठे जास्त सुटतील?"

मी म्हटलं, "थांब, रजिस्टर बघून सांगते."

ती खो खो हसली. तिला वाटलं, म्हातारी चेष्टा करतेय. पण माझ्या कपाटात खरोखरच तसं रजिस्टर आहे. निळ्या कापडी बांधणीचं, शाळेच्या स्टोअरमधून आलेलं, पहिल्या पानावर शाळेचा शिक्का. सतरा देशांत इंग्रजीच्या मास्तराला किती पगार मिळतो, त्यातला घरभाड्यात किती जातो, भाजीत किती, डॉक्टरला किती आणि महिनाअखेर हातात काय उरतं, हे त्यात लाल-निळ्या शाईने लिहिलेलं आहे. प्रत्येक पानाखाली उजव्या कोपऱ्यात 'तपासले' असं लिहून सही आहे. ती सही माझी. व्हिएतनाम त्यात नाही. असतं तरी काय उपयोग, भाव सगळे तीस वर्षांमागचे.

रजिस्टर निगुडकर सरांचं. भोपाळच्या आमच्या टाउनशिपच्या शाळेत ते इंग्रजी शिकवायचे आणि मी गणित. आमचे हे कारखान्यात, म्हणून आम्ही टाउनशिपमध्ये. सर शाळेत कायम, म्हणून तेही टाउनशिपमध्ये. त्यांचं क्वार्टर आमच्या समोरच्या ओळीत, तळमजल्यावर. आमचं पहिल्या मजल्यावर. माझ्या गॅलरीतून त्यांचं अंगण दिसायचं, त्यातलं पेरूचं झाड दिसायचं आणि झाडाखाली खुर्ची टाकून रजिस्टरमध्ये डोकं घातलेले सर दिसायचे. सर मूळचे साताऱ्याचे. बोलणं स्वच्छ, प्रमाण, प्रत्येक शब्द इस्त्री केलेला. माझं माहेर उज्जैनचं, त्यामुळे माझ्या मराठीत हिंदी कुठून घुसते ते मला कळतही नाही. त्यांना कळायचं. पण त्यांनी कधी टोकलं नाही. फक्त डोळे क्षणभर मिटायचे.

उंच, सडपातळ माणूस. शर्ट कायम पांढरा, खिशाला दोन पेनं. हिवाळ्यात एकच करडा स्वेटर, तो कुमुदताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, विणलेला. आणि तोंडात एक शब्द पक्का बसलेला: तुलनेने.

"सर, कसे आहात?"

"तुलनेने बरा."

चहा तुलनेने गोड, नवे प्रिन्सिपॉल तुलनेने सज्जन, यंदाची दहावी तुलनेने कच्ची. कशाच्या तुलनेत, हे कुणी विचारत नसे. मी एकदा विचारलं. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "गेल्या मंगळवारच्या." आणि निघून गेले वर्गावर.

रजिस्टर कशापायी सुरू झालं कोण जाणे. मी शाळेत लागले तेव्हा नऊ देश झाले होते. स्टाफरूममध्ये बाकीचे लोक स्वेटर विणायचे, मूग निवडायचे, प्रिन्सिपॉलच्या नावाने बोटं मोडायचे. सर रकाने आखायचे. दिल्लीतल्या वकिलातींना पत्रं लिहायचे. वकिलाती बिचाऱ्या गुळगुळीत कागदावरची रंगीत पुस्तकं पाठवायच्या, त्यात धबधबे आणि नाचणाऱ्या बायका. सर धबधब्यांवरून नजर फिरवून कांद्याचा भाव शोधायचे. तो कधीच नसायचा.

मग ते माणसांना गाठायचे. टाउनशिपच्या कम्युनिटी हॉलमध्ये एकदा कुणाच्या तरी मुलीचं लग्न होतं. नवरदेवाचा मामा मस्कतला वायरमन होता, आठ दिवसांच्या सुट्टीवर आलेला. सरांनी त्याला पंगतीत गाठलं, शेजारी बसवलं आणि जिलबीपासून मठ्ठ्यापर्यंत त्याची उलटतपासणी केली. दूध काय भावाने? पाणी विकत की नळाचं? केस कापायला किती? दाढ काढायला? तो माणूस दाढेपर्यंत नीट उत्तरं देत होता. मग म्हणाला, "मास्साब, मैं तो दस आदमियों के साथ एक कमरे में रहता हूँ. दाल-चावल खाता हूँ. और क्या बताऊँ?" सरांनी खिशातून कागद काढून लिहून घेतलं. आजही त्या पानाच्या तळाला बारीक अक्षरात आहे: 'दहा जण, एक खोली, वरण-भात.' त्यापुढे आकडा काढायचा राहून गेलाय.

सगळ्या हिशोबाचं शेवटचं माप काय ठेवायचं, यावर सरांनी पुष्कळ डोकं चालवलं होतं. रुपयांत ठेवलं तर भाव सारखे बदलतात. सोन्यात ठेवलं तर शिक्षकाला शोभत नाही. शेवटी त्यांनी दूध धरलं. महिनाअखेर हातात जे उरतं, त्यात भोपाळला किती लिटर दूध येईल? देश कुठलाही असो, उत्तर लिटरमध्ये. जपान अमुक लिटर, नायजेरिया तमुक लिटर. मला हे अतिशय पसंत पडलं होतं. गणिताच्या बाईला नीट एकक मिळालं की तिला बाकी काही दिसत नाही. बेरजा तपासायचं काम त्यांनी मला दिलं आणि मी ते वीस वर्षं चोख केलं.

लोक मागून हसायचे, आणि परदेशी नोकरीचं अडलं की त्यांच्याकडेच यायचे. कुणाचा मेहुणा तुलसी नगरातून यायचा, कुणाची वहिनी थेट बैरागढहून. सर त्यांना पेरूच्या झाडाखाली बसवायचे. कुमुदताई चहा आणायच्या, रिकामे कप न्यायच्या. त्या मध्ये बोलायच्या नाहीत. मला वाटायचं, त्यांना यातलं काही कळत नसावं. माझ्या अकलेचे दिवे!

आणि मग ओमानची जाहिरात आली. तिथल्या एका लहान गावातली खाजगी शाळा, इंग्रजीच्या दोन जागा. सरांनी अर्ज केला आणि सक्सेनानेही केला. सक्सेना म्हणजे आमच्या शाळेतला हंगामी मास्तर, पंचविशीतला, सदा घाईत असलेला. हंगामी असल्यामुळे त्याला क्वार्टर मिळालेलं नव्हतं. कोटरा सुल्तानाबादला दोन खोल्या भाड्याने घेऊन राहायचा आणि दोन बसगाड्या बदलून शाळेत यायचा. दिल्लीला मुलाखती झाल्या, आणि दोघांचीही निवड झाली! शाळेत पेढे वाटले गेले. पगार तसा बेताचाच, तिकिटं त्यांची, घर मात्र आपलं आपण बघायचं. पंधरा दिवसांत हो की नाही कळवा, असं पत्रात लिहिलं होतं.

सरांनी दोन पानं आखली. एक सक्सेनाचं, एक स्वतःचं. सक्सेनाचं पान तासाभरात झालं. तो इथेही भाडं भरत होता, तिथेही भरणार होता. ओमान कितीतरी लिटरने पुढे. सर म्हणाले, "जा." सक्सेनाने त्याच दिवशी होकाराचं पत्र टाकलं.

सरांच्या पानाला नऊ दिवस लागले. कारण त्यांना क्वार्टर होतं. भाडं नावाला, पाणी फुकट, वीज जवळपास फुकट, कारखान्याचं हॉस्पिटल फुकट. याची किंमत बाजारभावाने धरायला नको का? धरली. कोटऱ्यात तेवढ्या घराला जे भाडं पडेल ते सगळं भोपाळच्या रकान्यात जमा केलं. तरीसुद्धा शेवटी ओमान एक लिटरने पुढे राहिलं. एक लिटर! सरांनी पेन ठेवलं. त्यांच्या तोंडावर आनंद होता की धास्ती, हे मला तेव्हा ओळखता आलं नाही. आज वाटतं, दोन्ही असावं.

मी बेरीज तपासली. बरोबर होती. पण हिशोब पुरा असावा, ही माझी खोड. मी अंगणाकडे बघितलं आणि म्हटलं, "सर, पेरू धरले नाहीत तुम्ही."

खरंच धरले नव्हते. ते झाड सरांनी स्वतः लावलेलं, आणि फळायचंही भरपूर. थंडीभर आख्ख्या ओळीला पुरायचे पेरू. आम्ही दोघांनी बसून मोसमाचे किलो काढले, भाजीबाजारातला भाव लावला, बाराने भागलं, दुधात आणलं. महिन्याला तीन लिटर. म्हणजे आता दोन लिटरने भोपाळ पुढे.

मी 'तपासले' लिहून सही केली. सरांनी नकाराचं पत्र लिहिलं. इतकं देखणं इंग्रजी मी नकारात कधी वाचलेलं नाही. त्यात तीन वेळा आभार होते.

सक्सेना निघायच्या दिवशी पाया पडायला आला. "सर, आप नहीं चल रहे?"

सर म्हणाले, "दो लीटर से रह गया."

ही गोष्ट कोणाला सांगितली की लोक म्हणतात, एवढं साधं तुमच्या ध्यानात कसं आलं नाही? त्यांना टाउनशिप माहीत नाही. तिथे कुणाच्याच ध्यानात यायचं नाही. आम्ही त्या क्वार्टरांत बारशी केली, मुंजी केल्या, अंगणात तुळशी लावल्या, व्हरांड्याला जाळ्या मारल्या. एका फोरमनने स्वतःच्या पैशाने स्वयंपाकघराला फरशी घातली. आमच्यातल्या एका गृहस्थाने अयोध्या नगरला प्लॉट घेतला, तर लोक त्याच्या बायकोशी दुःखाच्या सुरात बोलायला लागले. एवढं चांगलं घर असताना याला रानात प्लॉट घ्यायची अवदसा का आठवली, अशी चर्चा हळदीकुंकवात व्हायची. त्या चर्चेत मीही होते. खोटं कशाला बोलू.

सक्सेना गेल्यावर बारा वर्षांनी सर रिटायर झाले. शाल, नारळ, भाषणं. प्रिन्सिपॉल म्हणाले, असा शिक्षक होणे नाही. आणि दुसऱ्या आठवड्यात टाउनशिप ऑफिसचा कागद आला: दोन महिन्यांत क्वार्टर रिकामं करावं, उशीर झाल्यास दंडाचं भाडं पडेल. फंडाचे पैसे मुलीच्या लग्नाला लागून गेले होते. सरांनी तो कागद तीनदा वाचला, मग मला आणून दाखवला. इंग्रजीत एक चूक होती, ती त्यांनी लाल शाईने दुरुस्त केली होती.

क्वार्टर सोडायच्या दिवशी ऑफिसचा बाबू यादी घेऊन आला. हे त्यांचं नेहमीचं. घर जसं दिलं तसं परत मिळालं की नाही, ते एकेक वस्तू मोजून बघतात आणि मगच नोकरीचा शेवटचा कागद सुटतो. आम्ही सगळे व्हरांड्यात बांधलेल्या ट्रंकांवर बसलेलो. बाबू मोठ्याने वाचत होता, "पंखे तीन. होल्डर सात. नल चार." मग अंगणात गेला आणि लिहिता लिहिता म्हणाला, "अमरूद का पेड़, एक."

सर म्हणाले, "वो हमने लगाया है."

"जमीन तो कंपनी की है ना, सर," बाबू म्हणाला. वाईट माणूस नव्हता तो. सरांचाच विद्यार्थी.

सरांनी पिशवीतून रजिस्टर काढलं, ओमानचं पान उघडलं आणि माझ्यापुढे धरलं. "मॅडम, इथे एक रकाना राहिला. क्वार्टर परत दिल्यावर राहायचं कुठे?"

मी पान बघितलं. खाली माझी सही होती, वळणदार.  वीस वर्षं पोरांना सांगत आले, उत्तर काढण्याआधी उदाहरण नीट वाचा म्हणून. आणि मी काय वाचलं? मीही क्वार्टरातच राहत होते ना!

तेवढ्यात कुमुदताई आतून एक पुठ्ठ्याचा खोका घेऊन आल्या. ट्रंकेच्या तळाशी होता म्हणाल्या. त्यात कॅनव्हासचे पांढरे बूट होते, बायकांच्या मापाचे, कोरे. रबराला मात्र भेगा पडलेल्या.

"हे कुणाचे?" सरांनी विचारलं.

"माझे. न्यू मार्केटमधून आणले होते, ओमानचं पत्र आलं तेव्हा. तिकडे सगळीकडे वाळू असते म्हणे, चपलांनी चालवत नाही."

सरांनी एक बूट उचलून उलटापालटा करून बघितला. बाबू यादी मिटून उभा राहिला.

"कुमुद, तू कधी बोलली नाहीस," सर म्हणाले.

"विचारलंत कुठे? हिशोब तुम्ही दोघं करत होतात." मग त्या माझ्याकडे वळल्या. आवाज चढला नाही, हेच मला जास्त लागलं. "दोन लिटर दूध, मॅडम. आमच्याकडे घेतलेलं अर्धा लिटर संपत नाही."

त्या दिवशी घरी येऊन मी रडले. दुसऱ्या आठवड्यात आमच्या ह्यांना धक्के मारून अयोध्या नगरला प्लॉट बघायला पाठवलं. म्हणजे सरांच्या चुकीचा फायदा मी उचलला, आणि ती चूक अर्धी माझी होती. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. लाज वाटली.

सरांनी अयोध्या नगरलाच दोन खोल्या भाड्याने घेतल्या. कुठल्या घरात, तर सक्सेनाने ओमानच्या पैशावर बांधलेल्या! सक्सेना भाडं घ्यायला तयार नव्हता, सर दिल्याशिवाय राहायला तयार नव्हते. शेवटी बाजारभावाच्या निम्म्यावर तुटलं. पुढच्या खोलीत सर शिकवण्या घ्यायचे. परदेशी शिकवायला जाऊ बघणारी पोरं-पोरी यायची. सर त्यांना आधी पगार विचारायचे नाहीत, व्याकरणही नाही. पहिला प्रश्न, "परत आल्यावर राहणार कुठे?" पोरं गोंधळायची. एकजण म्हणाला, "सर, अभी तो गया भी नहीं." सर म्हणाले, "तरी सांग."

घरमालक हजार मैलांवर असला तरी घर त्याचंच. कुमुदताई एकदा बोलून गेल्या की देवाच्या तसबिरीला खिळा ठोकायचा तर सर सक्सेनाला पत्र लिहितात. मी हसले, मग माझ्या लक्षात आलं की त्या हसत नव्हत्या. तसबीर कपाटाला टेकवून ठेवली होती, जमिनीवर.

अशी दोन वर्षं गेली. आम्ही अजून टाउनशिपमध्येच होतो, प्लॉटवर पाया भरून झालेला. एका दुपारी दोघं माझ्याकडे आले. मी चहा ठेवायला उठले, तर कुमुदताई म्हणाल्या, "नको, वेळ नाही. रात्रीची गाडी आहे मुंबईची."

"मुंबईला कशाला?"

"तिथून विमान. इथिओपियाला."

 तिथल्या एका कॉलेजला इंग्रजीचे शिक्षक हवे होते, दोन वर्षांच्या करारावर, राहायला घर त्यांचं, वयाची फारशी कटकट नाही. साठाव्या वर्षी निघाला होता हा माणूस!

"सर, तुम्ही अर्ज केलात?"

"मी नाही," सर म्हणाले. "हिने."

"सही यांची बऱ्यापैकी जमते मला," कुमुदताई म्हणाल्या. "तीस वर्षं प्रगतिपुस्तकं बघितलीत. होकार आल्यावर सांगितलं. दोन वर्षं काढली तर दोन खोल्या स्वतःच्या होतात. मग मी वाटेल तिथे खिळे ठोकीन."

सरांनी पिशवीतून रजिस्टर काढून टेबलावर ठेवलं. मला वाटलं, झालं, आता गाडी सुटायच्या आत बेरीज तपासायची. पान उघडलं. वर लाल शाईत 'इथिओपिया', खाली रकाने आखलेले, अगदी पट्टीने. दूध, भाजी, डॉक्टर. सगळे कोरे. एक आकडा नाही.

"सर, यात तर काहीच भरलं नाही."

"नाही."

"मग मी तपासू काय?"

सर कुमुदताईंकडे बघत होते. शाळेत तोंडी परीक्षेला उभी राहिलेली मुलं बघतात, तसे. माझ्या लक्षात आलं की हा माणूस घाबरलाय. बारा अधिक दोन वर्षांपूर्वीही असाच घाबरला असेल, आणि मी त्याच्या हातात पेरू दिले.

कुमुदताईंनी त्यांच्या खिशातलं पेन काढून माझ्यापुढे धरलं. "सही करा तुम्ही. तुमची सही असल्याशिवाय यांचा पाय निघायचा नाही."

उभ्या नोकरीत मी न तपासता कशावर सही केलेली नाही. त्या कोऱ्या पानाखाली उजव्या कोपऱ्यात मी 'तपासले' लिहिलं आणि सही ठोकली. मग म्हटलं, "जा सर. अगदी बरोबर आहे."

सरांनी शाई वाळेपर्यंत पानाकडे बघितलं. मी विचारलं, "कसं वाटतंय?" त्यांनी तोंड उघडलं, मिटलं आणि म्हणाले, "भूक लागलीय." कुमुदताई म्हणाल्या, "दशम्या घेतल्यात. चला."

ते जिना उतरले आणि मी गॅलरीत आले. कुमुदताई पुढे चालल्या होत्या, साडी थोडी वर खोचलेली आणि पायांत कॅनव्हासचे पांढरे बूट, नवेकोरे. सर मागे, खांद्याला पिशवी, त्यांना गाठायला जवळजवळ धावत. त्यांच्या जुन्या अंगणाशी पोचले. नव्या बिऱ्हाडाची पोरं पेरूच्या झाडावर चढलेली. मला वाटलं, सर थांबतील. नाही थांबले.

आत येऊन बघते तर रजिस्टर माझ्या टेबलावरच राहिलेलं. मी धावत पुन्हा गॅलरीत गेले, हाक मारायला तोंड उघडलं. ते दोघं वळणापर्यंत पोचले होते, हाक सहज ऐकू गेली असती. मी तोंड मिटलं.